शिवलेलं वचन

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सातपुत्यांच्या घरात देव बिस्किटाच्या डब्यातून बोलतो, हे उचगावात शेजारपाजारच्यांनाही ठाऊक होतं.

डबा आकाराम सातपुत्यांच्या वेळचा. ते सायकलला दोन पिशव्या अडकवून कागलपासून शाहूवाडीपर्यंत सुवार्तेची पुस्तकं विकत फिरायचे आणि घरी आले की जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शास्त्रातली वचनं लिहायचे. जशीच्या तशी नव्हेत. सायकल मारता मारता डोक्यात जशी मुरली तशी, आपल्या शब्दांत. अशी दोनशे बारा कार्डं झाली. नियम एकच होता, ज्याचं वचन त्यानं काढायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यानं डोळे मिटून काढायचं. "आपल्याच हातानं काढलं की माणूस आपल्याला पायजे तेच हुडकतंय," असं ते म्हणायचे. १९८३ साली ते गेले आणि डबा त्यांच्या बायकोच्या, बनाबाईच्या मांडीवर आला. बनाबाईला वाचता येत नव्हतं, पण वाचून दाखवायला धाकटा मुलगा विल्सन होता. तो पुढं कागलला गणिताचा मास्तर झाला आणि आवाजही मास्तरासारखाच खणखणीत झाला.

२००३ सालच्या त्या पहिल्या दुपारी मात्र जेवणं उरकली तरी कोणी डबा मागितला नाही. सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारातच थोरल्या योहाननं बहिणीला विचारलं होतं, "सलोमी, त्या शाहूवाडीच्या दवाखान्याचं काय केलंस?" आणि ती म्हणाली होती, "रविवारपतोर कळवायचं हाय." तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात तोच दवाखाना होता.

दवाखाना दहा खाटांचा, नवा. एका डॉक्टर नवरा-बायकोनं डोंगराच्या कुशीत काढलेला. त्यांना मुख्य नर्स हवी होती, तिथंच राहणारी. सलोमी त्रेचाळीस वर्षांची, कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात वीस वर्षं नोकरी केलेली, बिनलग्नाची. आईजवळ ती राहायची. बनाबाईला मोतीबिंदूनं जेमतेम उजेड-अंधार कळायचा, त्यात दिवाळीत मोरीत पडून कमरेनं ती अधू झालेली. सलोमी गेली तर आईला कोणी उठवायचं, बसवायचं, हे न विचारलेलं गणित सगळ्यांपुढं होतं.

"वचन काढूया की," योहान शेवटी म्हणाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, फौंड्रीत मोल्डर म्हणून हयात घालवलेला. त्याला हातानं उचलता येतील अशाच गोष्टी पटायच्या. "आपण कशाला भांडत बसायचं? देव सांगंल ते खरं."

"सुवार्ता, डबा आण गं," विल्सननं मुलीला हाक मारली.

सुवार्ता बारावीत होती. आई मिरजेला माहेरी गेलेली, म्हणून बापाबरोबर एकटीच आलेली. घरात तिच्याबद्दल एक तक्रार होती, ती प्रश्न फार विचारते. कपाटातून डबा काढताना तिच्या डोक्यात सकाळपासून घोळणारा प्रश्न होता तो असा. सलोमीआत्याचं लग्न, मिरजेचं स्थळ, १९८४: आज्जीनं वचन काढलं, 'देवाची वाट बघ.' पुण्याच्या नर्सिंग शाळेतली शिकवायची नोकरी, १९९२: 'देवाची वाट बघ.' निपाणीचे बिजवर मास्तर, १९९८: पुन्हा तेच कार्ड. दर नव्या वर्षी आत्याला वेगवेगळी वचनं यायची. फक्त मोठा प्रश्न आला की हेच. घरात ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली जायची. पप्पांनी तर चर्चमध्ये उभं राहून सांगितली होती. देव किती विश्वासू, आपलं म्हणणं बदलत नाही.

दोनशे बारा कार्डांतून पहिल्यांदा जे आलं तेच पुढं दोनदा यायचं, म्हणजे दोनशे बारा गुणिले दोनशे बारा. चव्वेचाळीस हजार नऊशे चव्वेचाळीसात एकदा. सुवार्ताचा देवावर विश्वास होता, पण तिला हिशेबाचीही ओढ होती, आणि ही दोन्ही एकाच देवानं दिलेली आहेत असं तिचं मत होतं. तिनं स्वयंपाकघराच्या आडोशाला झाकण उघडलं. कार्डं मऊ पडली होती, कडा मळल्या होत्या, कशावर गणपती, कशावर कलश. बोटांनी ती एकेक सरकवू लागली आणि एका कार्डाला अडखळली.

ते कार्ड शिवलेलं होतं. फाटलेले दोन तुकडे एकावर एक ठेवून काळ्या दोऱ्यानं आडवी धावदोऱ्याची शिवण, वाकळेला घालतात तशी. वर आजोबांचं गोल अक्षर: देवाची वाट बघ.

ती शिवणीच्या गाठीवरून बोट फिरवत उभी राहिली. मग तिनं एक गोष्ट केली, जिची तिला पुढं कित्येक वर्षं थोडी लाज आणि बराच अभिमान वाटणार होता. कार्ड ओढणीच्या टोकात गुंडाळून मुठीत धरलं आणि उरलेली दोनशे अकरा घेऊन बाहेर आली.

बनाबाईनं डबा मांडीवर घेतला. पत्रा गार होता.

सलोमी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या अंगाचा साबणाचा वास बनाबाईला बरोबर कळायचा. पहाटे हाच वास जवळ यायचा, पाठीखाली हात घालायचा, "आई, एक-दोन-तीन, ऊठ" म्हणायचा. उद्या हा वास डोंगरात जाणार. मग पाठीखाली कोणाचा हात? थोरल्या सुनेचा, मीनाबाईचा? ती बोलायला फटकळ, कामाला वाघ, पण अठ्ठावीस वर्षांत तिनं सासूला कधी 'बसा' म्हटल्याचं बनाबाईला आठवत नव्हतं. बनाबाईनंही तिला कधी 'बस' म्हटलं नव्हतं, पण ते अशा वेळी आठवत नाही.

"प्रार्थना करा आई," विल्सन म्हणाला.

बनाबाईनं प्रार्थना केली. चांगली केली. "बाबा, तू खोटं बोलत न्हाईस. तू दिल्याला शब्द मोडत न्हाईस. माझ्या लेकीला वाट दाव." आणि आमेन म्हणून हात डब्यात घातला.

बोटं सवयीनं तळाशी गेली. मग कडेला. मग पुन्हा तळाशी. कार्डांची खसखस होत राहिली. पातळ कागद, जाड कागद, सोनेरी ठशाचा खरखरीत कागद. गाठ नव्हती.

"आई?" योहान म्हणाला.

"थांब की जरा."

ती कार्डं मुठीमुठीनं उचलून सोडू लागली. नवरा सायकलवरून यायचा तेव्हाचं तिला उगाच आठवलं. दार नुसतं लोटलेलं असलं तरी तो कधी ढकलायचा नाही. बाहेर उभा राहून घंटी वाजवायचा, "बना, मी आलोय. कडी तुझ्याकडं हाय." शेजारी हसायचे. लोकांच्या दारात दिवसभर उभं राहून ह्याला खोड लागलीय, म्हणायचे. हात डब्यात आणि कपाळावर घाम, अशी ती बसली होती आणि तिला ती घंटी ऐकू येत होती.

योहाननं आईचा हात पाहिला. साच्यात कुठं खडा राहिलाय का ते अंधारात चाचपायला त्याचा स्वतःचा हात असाच फिरायचा. नेमकं काही शोधणाऱ्या हाताची चाल वेगळी असते. त्यानं बायकोकडं पाहिलं. मीनाबाईनं केव्हाच पाहिलेलं होतं.

"न्हाय ह्यात," बनाबाई म्हणाली.

"काय न्हाय?" विल्सननं विचारलं.

"ते. शिवल्यालं."

सुवार्तानं ओढणीचं टोक उलगडून कार्ड आज्जीच्या हातात ठेवलं. "मी काढून ठेवलतं आज्जी. मला फक्त बघायचं होतं... खरंच येतंय का."

विल्सननं मुलीवर हात उगारला आणि तो तसाच हवेत राहिला, कारण बनाबाई शिवणीवरून अंगठा फिरवत होती, आणि तो अंगठा सगळं सांगत होता.

"ती मारायची न्हाय," ती म्हणाली. "मला मारा. तुमचे बाबा गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात डब्यात ओल शिरली. कार्डं चिकटून बसली. उन्हात सुटी करताना हे फाटलं. घरात डिंक न्हवता, सुई-दोरा होता. एकावर एक ठेवलं आणि वाकळेगत शिवून टाकलं. एवढंच. मनात काय पाप न्हवतं. मग सलोमीचं स्थळ आलं. योहान तवा मीनाला घेऊन खोलीवर, ईल्सन कागलात. सलोमी गेली की घरात मी एकटीच. मी डोळं मिटलं, आणि बोटाला गाठ लागली. काय लिवलंय ते मला पाठ होतं. तुमच्या बाबांनी वाचून दावल्यालं." तिनं गाठीवर बोट ठेवलं. "मी ती सोडली. खरंच सोडली बघा. दुसरं धरलं. आणि मग दुसरं सोडून परत तीच हुडकली."

"आणि पुण्याच्या वक्ताला?" विल्सनचा आवाज खणखणीत राहिला नव्हता.

"हुडकली."

"निपाणीच्या?"

"मास्तर, हजेरी घेऊ नका," मीनाबाई म्हणाली. "आत्तींनी सांगितलं की." सासूला ती आत्ती म्हणायची.

विल्सन उठून खिडकीपाशी गेला. त्याला राग आला होता, पण आईचा नाही, हे त्याला स्वतःलाच विचित्र वाटलं. चर्चमध्ये दोनशे माणसांपुढं तो उभा राहिला होता. "म्हणजे देवानं काहीच सांगितलं नाही? एवढी वर्षं मी साक्ष दिली ती कशाची? आईच्या बोटांची?"

"मला ठाऊक होतं," सलोमी म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. बनाबाईचीही वळली, दिसत नसताना.

सलोमी ड्रेसिंग बदलताना बोलायची तशी, खालच्या आवाजात आणि न थांबता बोलली. "ब्याण्णव साली. पुण्याचं कार्ड आल्यावर मीच ते डब्यात ठेवलं. दोरा हाताला लागला. मी नर्स हाय आई, टाका मला अंधारातबी कळतो. रात्रभर तुझा राग केला. सकाळी उठले आणि बघते तर मला हलकं वाटतंय. पुण्याला जायची मला भीती वाटत होती. पोरींना इंग्रजीतनं शिकवायचं, वसतिगृहात एकटीनं राहायचं. जायला नको होतं, आणि 'मी घाबरले' असं म्हणायलाबी नको होतं. देव नको म्हणाला, हे किती बरं पडलं! निपाणीच्या मास्तरांच्या वक्तालाबी मी गप बसले. मिरजेच्या स्थळाचं तेवढं तू माझं हिरावलंस आई. बाकीची दोन आपण दोघींनी मिळून देवाच्या गळ्यात बांधली."

बनाबाई रडू लागली. आवाज न करता, डबा पोटाशी धरून. सलोमी जागेवरून हलली नाही. एरवी ती पहिली धावली असती.

बोलावं की नाही हे योहानला कळेना, पण आज गप्प बसणं म्हणजे चौथं कार्ड काढण्यासारखं होतं. "मग माझंबी ऐका. मला काय म्हाईत न्हवतं, ही शपथ. पण दरवेळी ते कार्ड आलं की मी मनात म्हणायचो, सुटलो. सलोमी हाय म्हंजे आईचं बघायला नको. आज 'वचन काढूया' कोण म्हणालं? मीच की. मला वाटलं, येईल परत तेच."

"चव्वेचाळीस हजारांत एकदा," सुवार्ता हळूच म्हणाली.

"तू गप गं," योहान म्हणाला.

"पण थोरले आबा, मला एक सांगा की." ती गप्प बसणारातली नव्हतीच. "मग देव ह्यात कुठं होता?"

प्रश्न खोलीच्या मध्यभागी जाऊन बसला. उत्तर दिलं ते बनाबाईनं, पदरानं डोळे पुसत.

"हिथंच होता, बाळ. ह्या पोरीनं वीस वर्षांत किती माणसं उठवली, किती बाळतिणी सोडवल्या, ते काय माझ्या दोऱ्यानं झालं व्हय? मी लबाडी केली तरी त्यानं तिला वाऱ्यावर सोडली न्हाय. मला सोडली न्हाय. तो त्याच्या शब्दाचा पक्का हाय. पण लबाडी माझी. ती त्याच्या नावावर लावू नगासा." मग ती सलोमीच्या वासाच्या दिशेनं वळली. "आता मी वचन काढणार न्हाय. तुझं तू बोल. तुला जायाचं हाय का न्हाय?"

त्रेचाळीस वर्षांत सलोमीला हा प्रश्न या घरात कोणी विचारला नव्हता. देवाला विचारायचे, तिला नाही. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की अजूनही भीती वाटतेय. त्या डोंगरात दिवसातून दोन एसट्या. अडलेली बाई आली आणि डॉक्टर गावाला गेलेले असले तर सगळं आपल्या हातावर. पुण्याच्या वेळी होती तशीच भीती होती. फरक इतकाच की आज तिला लपायला जागा नव्हती, आणि नवल म्हणजे ती जागा तिला हवीशीही वाटत नव्हती.

"जायचं हाय," ती म्हणाली. "चुकलं तर माझं चुकंल. पण मी जाणार."

"आणि आत्ती?" मीनाबाईनं विचारलं. विचारलं नवऱ्याकडं बघून.

योहान चटईचा काठ उसवत बसला. मीनाबाई वाट बघत राहिली. तिनं या घरची सून म्हणून अठ्ठावीस वर्षं रांधलं, वाढलं, काढलं, आणि प्रत्येक वेळी निर्णय डब्यातून आले. तिचं नाव घेऊन कोणी कधी वचन काढलं नव्हतं, हे तरी कोणाच्या ध्यानात होतं का? तिला सासूचा राग होता, जुना, मुरलेला. पण आज ही म्हातारी चारचौघांत 'लबाडी माझी' म्हणाली. तसं म्हणणारं माणूस तिनं सासरी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "आत्ती आमच्याकडं येतील. पुढच्या खोलीत कॉट टाकू. रांधणं-वाढणं माझं. पण उठवणं, बसवणं, मोरीत नेणं तुमचं." हे योहानला. "फौंड्रीत मणाचं लोखंड उचललंय न्हवं? आई तुमची हाय, ती त्यापरीस जड न्हाय. आणि भावजी, दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तुमी यायचं. साक्ष द्यायला न्हाय, आईला न्हाऊ घालायला. पाणी तापवून मी दीन."

"मला... जमंल का?" विल्सन म्हणाला.

"न जमायला काय झालं? ओतायचं असतंय."

सुवार्ता फिस्सकन हसली. मग योहान हसला, मग विल्सनही, ओशाळून. बनाबाई तेवढी हसली नाही. "मीना," ती म्हणाली, "बस की गं जरा. सकाळधरनं उभी हाईस."

मीनाबाई पदराशी चाळा करत क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग सासूच्या शेजारी टेकली.

कार्ड अजून बनाबाईच्या मुठीत होतं. "ह्याचा दोरा काढून टाका," ती म्हणाली. "परत कुणाच्या बोटाला लागाया नको."

सलोमीनं पर्समधून टाके कापायची छोटी कात्री काढली. सुवार्ता सरकून तिच्या खांद्याला चिकटली, कारण तिला आणखी एक शंका होती आणि ती तिनं मघापासून कशीबशी धरून ठेवली होती. "आत्या, आज्जीनं तुकडे एकावर एक ठेवलेत बघ. बोटभर कागद खाली दडलाय. त्यावर काही असंल तर?"

"आजोबांनी एकच ओळ लिहिलीय," विल्सन म्हणाला. "मी तीनदा वाचलीय."

"वर दिसते ती एकच, पप्पा."

सलोमीनं टाका उचलला, कात्रीचं टोक घातलं. एक, दोन, तीन. दोरा वीस वर्षांचा, पण बनाबाईची शिवण, सहज सुटेना. सातव्या टाक्याला वरचा तुकडा निघून आला. त्याच्या आडोशाला, खालच्या तुकड्याच्या काठावर, त्याच गोल अक्षरात आणखी एक ओळ होती. उजेड न लागल्यामुळं तिची शाई वरच्यापेक्षा काळीभोर राहिली होती.

सलोमीनं ती मनात वाचली आणि तिचा चेहरा असा झाला की योहान घाबरला.

"काय गं? काय लिवलंय?"

तिनं दोन्ही तुकडे चटईवर, वर-खाली, जागच्या जागी ठेवले. "देवाची वाट बघ," तिनं वाचलं. "तो आला की कडी मात्र तूच काढ."

बनाबाईनं हात पुढं केला. सलोमीनं खालचा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. न दिसणाऱ्या अक्षरांवरून म्हातारीचं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेलं.

"त्यांनी वाचून दावलं तवा दोन्ही वाचलं असणार," ती म्हणाली. "माझ्या ध्यानात एकच राहिलं. आणि दुसरं मी माझ्या हातानं शिवून टाकलं."

"मी ठरवून झाल्यावर सापडतंय बघा," सलोमी म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. या वेळी ती उठून आईजवळ गेली. पाठीखाली हात नाही घातला, नुसती गुडघ्याला गुडघा लावून बसली. मग बनाबाईनं तो तुकडा तिच्या हातात परत दिला आणि वरचा आपल्याकडं ठेवला. "ही ओळ माझी. मला आता वाटच बघायची हाय. ती तुझी."

सलोमी फोनपाशी गेली. दवाखान्याचा नंबर चिठ्ठीवर होता, तीन आठवड्यांपासून फोनखाली दाबून ठेवलेला. तिनं रिसिव्हर उचलला, आकडे फिरवले आणि सवयीप्रमाणं भिंतीकडं तोंड करून आवाज लहान केला. पलीकडं घंटी वाजू लागली.

"मोठ्यानं बोल," मागून बनाबाई म्हणाली. "मलाबी ऐकू दे."